गणिताच्या तासाचे वाचन



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्या सरांच्या हाताखाली मी याच शाळेत गणित शिकलो आणि पुढे त्यांच्याच शेजारच्या वर्गात काही वर्षे गणित शिकवले. सर कोणतेही उदाहरण सोडवण्यापूर्वी एखाद्या मुलाला ते मोठ्याने वाचायला लावीत. आम्हांला तो वेळेचा अपव्यय वाटे. त्यातले मर्म मला उमगले ते माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

त्या काळी आपल्याकडे गणित मराठीतून शिकवले जाई. सहामाही परीक्षेत मी एक उदाहरण घातले होते : मजुरांची संख्या आणि लागणारे दिवस व्यस्त प्रमाणात आहेत, ६ मजूर एक काम १२ दिवसांत पुरे करतात, तर ४ मजुरांना किती दिवस लागतील? एका चुणचुणीत मुलीने उत्तर लिहिले, ८ दिवस. मी शून्य गुण देऊन मोकळा झालो. सरांनी तिला बोलावून विचारले, ‘‘व्यस्त म्हणजे काय गं?’’ ती म्हणाली, ‘‘कामात असलेले.’’ इंदूरच्या गल्लीत तिने हा शब्द हिंदीतूनच ऐकला होता! सरांनी पुन्हा विचारले, ‘‘बाळ, माणसे कमी झाली तर काम लवकर उरकेल की उशिरा?’’ क्षणाचाही विलंब न लावता ती उत्तरली, ‘‘उशिरा. अठरा दिवस लागतील.’’ तिला गणित येत होते. मी शून्य दिले होते ते एका शब्दाला. त्या दिवशीची माझी मान अजून पुरती वर झालेली नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या शाळेचा नाही. ऑस्ट्रेलियातील शिक्षिका अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ साली मुलांच्या चुका तपासण्याची एक पद्धत मांडली. उदाहरण वाचणे, त्याचा अर्थ समजणे, योग्य क्रिया निवडणे, ती क्रिया पार पाडणे आणि उत्तर नीट लिहिणे, अशा पाच पायऱ्या त्यांनी कल्पिल्या. त्यांना आढळले की जवळजवळ निम्म्या चुका पहिल्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे आकडेमोड सुरू होण्यापूर्वीच घडतात. आपल्या परंपरेलाही हे नवे नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त हंसांचे, भुंग्यांचे, मोर आणि सापाचे हिशेब श्लोकांतून येतात. श्लोकाचा अर्थ लागल्याखेरीज तेथे गणिताला हातच घालता येत नाही.

आपल्या मुलांची अडचण तर तिहेरी आहे. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुस्तक हिंदी किंवा इंग्रजी. मराठीतला अपूर्णांक हिंदीत ‘भिन्न’ होतो. घरी मात्र भिन्न म्हणजे वेगळे. आपली मूळ संख्या तेथे ‘अभाज्य’ होते, आणि समीकरणाचे ‘मूळ’ पुन्हा निराळेच. वर्गसमीकरण ‘द्विघात समीकरण’ होते, व्यस्त प्रमाण ‘प्रतिलोम समानुपात’ होते. एवढे ओझे घेऊन मूल अडखळले, तर आपण त्याला ‘गणितात कच्चा’ म्हणून टाकतो.

येथे इंटरनेटवरील साधने आपल्या मदतीला येऊ शकतात. बालभारतीची मराठी पाठ्यपुस्तके आणि एनसीईआरटीची हिंदी व इंग्रजी पुस्तके आज विनामूल्य उतरवून घेता येतात. वर्गात एकाच संकल्पनेची तिन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र शासनाचे परिभाषा कोशही संगणकावर उपलब्ध आहेत. त्यांतून शोधलेला शब्द मुलाने आपल्या वहीत तीन भाषांच्या तीन रकान्यांत उतरवावा आणि पुढे स्वतःचे एक वाक्य लिहावे. वही मुलाच्या हाताची असावी. छापील यादी वाटून हे साधणार नाही.

साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ‘जिओजेब्रा’ या कार्यक्रमाची सुरुवात केली. त्यात मजुरांची संख्या सरकवत गेले की दिवसांचा आलेख वळताना दिसतो. पण सरकवण्यापूर्वी प्रत्येकाने एक वाक्य लिहावे : मजूर निम्मे केले, तर दिवस किती होतील आणि का? मग पडद्यावर पडताळा घ्यावा. तीच गोष्ट चित्रफितींची. शिक्षकाने एकदा त्यांचा आवाज बंद करावा आणि पायऱ्या मुलांकडून वदवून घ्याव्यात. पाहताना समजल्यासारखे वाटलेले किती समजले, हे बोलताना कळते.

एक सावधगिरीची सूचना मात्र केलीच पाहिजे. आता उदाहरणाचे छायाचित्र काढले की दूरध्वनी यंत्रच सर्व पायऱ्यांसह उत्तर देते. मुलाला ते वाचण्याचीही गरज उरत नाही. न्यूमन यांच्या पहिल्या तीन पायऱ्या, ज्यांवर आपली मुले घसरतात, त्याच यंत्र परस्पर ओलांडते. म्हणून ज्या साधनाने मूल वाचते, बोलते, लिहिते, ते वर्गात यावे. जे मुलाला गप्प करते, ते उंबऱ्याबाहेर राहावे.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला संगणक दिले, याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. आता माझे मागणे अधिक अवघड आहे. आठवड्यातून एक तास शाळेत या. एका मुलाशेजारी बसा, त्याला उदाहरण मोठ्याने वाचू द्या आणि विचारा, ‘‘यात काय शोधायचे आहे, ते तुझ्या शब्दांत सांग.’’ उत्तर सांगण्याची घाई करू नका. माझ्या त्या विद्यार्थिनीला सरांनी एवढेच दिले होते : एक प्रश्न आणि तिचे उत्तर ऐकण्याची सवड.