खेटे घालणारा नायक

श्रोतेहो, जुन्या कथा-कादंबऱ्यांत नायकाला छळणारा माणूस समोर दिसत असे. सावकार असे, जमीनदार असे. त्याच्याशी भांडता येई, निदान त्याला शिव्याशाप देता येत. विसाव्या शतकातल्या कादंबरीत त्याच्या जागी कचेरी येऊन बसली. तिथे टेबल आहे, फाईल आहे, शिक्का आहे. पण ज्याच्याकडे बोट दाखवावं असा माणूस सापडत नाही.

फ्रान्झ काफ्का हा प्रागचा, कायद्याचं शिक्षण घेतलेला लेखक. १९०८पासून तो कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. म्हणजे कचेरी त्याने टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिली होती. त्याची ‘द ट्रायल’ ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९२५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक योसेफ के. याला तिसाव्या वाढदिवशी सकाळीच अटक होते. गुन्हा कोणता, हे कुणीच सांगत नाही. न्यायालय भरतं गरिबांच्या चाळीत, आणि न्यायाधीशाच्या टेबलावरचं पुस्तक उघडावं तर आत अश्लील चित्र! वर्षभर तो दारोदार फिरतो. शेवटी मारेकरी येतात तेव्हा मात्र जवळजवळ निमूटपणे त्यांच्याबरोबर चालू लागतो. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या निमूट चालण्याची.

आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ ही १९६८ सालची हिंदी कादंबरी. शुक्ल स्वतः उत्तर प्रदेशात सरकारी अधिकारी होते. त्यांच्या शिवपालगंजात लंगड नावाचा एक माणूस आहे. त्याला तहसिलीतून एका कागदाची नकल हवी आहे. कारकून पाच रुपये मागतो, हा दोनच देऊ म्हणतो. भांडण होतं. मग लंगड शपथ घेतो, लाच देणार नाही. कारकूनही शपथ घेतो, लाच घेणार नाही, पण नकल देईन ती नियमानेच! आणि तो नियमच लंगडला संपवतो. कधी अर्जात चूक, कधी तिकीट कमी. अखेर नकल तयार होते तेव्हा हा तापाने घरी पडलेला. मुदतीत न्यायला आला नाही म्हणून नकल फाडून टाकतात. वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता गप्प होतो.

मी गप्प झालो त्याला कारण आहे. अब्बा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. जुन्या कागदावर नाव ‘आबदूल’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘अब्दुल’. “हे दोघे एकच कशावरून?” टेबलामागून प्रश्न आला. अकरा खेटे घातले. बाराव्या खेपेला चहापाण्याचे पैसे दिले. अर्ध्या तासात दोघे एक झाले. वर मीच म्हणालो, “भाऊसाहेब, उपकार झाले.” घरी येताना लाज वाटली. पण ती पैसे दिल्याची नव्हती; इतके दिवस शहाणपण सुचलं नाही, याची होती.

श्रोतेहो, भ्रष्ट व्यवस्था खिशातले पैसे घेते, हे तर झालंच. पण त्याहून मोठं म्हणजे लाज कशाची वाटावी, हेही तीच ठरवू लागते. योसेफ के. निमूट चालतो तो यामुळेच, असं मला वाटतं.

माहितीच्या अधिकाराचा देशव्यापी कायदा २००५ साली आला, महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली. हे कायदे हवेतच, ते वापरलेही पाहिजेत. कादंबरीने नोंद होत नाही, नकल मिळत नाही. पण खिडकीवरून हात हलवत परतलेल्या माणसाला ती सांगते, की बाबा, चूक तुझी नव्हती. अब्बांच्या नावाची नोंद झाली त्याला बरीच वर्षं झाली. मला मात्र ही गोष्ट लंगडने सांगितली तेव्हा कळली.