द्राक्षमळ्यांतील मजुरी



मोठ्या शहरांतील एखाद्या नाक्यावरून सकाळीं जाण्याचा प्रसंग आला असेल, तर हातांत थापी, फावडें किंवा रंगाचा कुंचला घेऊन उभीं राहिलेलीं माणसें आपण पाहिलीं असतील. मुकादम येतो, बोट दाखवून चौघांना घेऊन जातो. मग दुसरा येतो, तो आणखी दहांना नेतो. उन्हें वर चढूं लागतात तशी गर्दी विरळ होते, पण कांहीं माणसें मागें राहतातच. दुपार कलली तरी तेथेंच उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून ‘याला काम नकोच आहे’ असें म्हणण्याचें धैर्य मला तरी कधीं झालें नाहीं. आजच्या भाषणाचा विषय ख्रिस्ती धर्मांतील स्वर्गाची कल्पना, समता आणि ऐहिक अर्थव्यवस्था असा भारदस्त आहे. परंतु त्याचा आरंभ या नाक्यावरूनच करणें मला सोयीचें वाटतें. कारण खुद्द येशूनें तो तेथूनच केला आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत ही कथा येते. द्राक्षमळ्याचा एक धनी पहाटे मजूर आणावयास निघाला. एक दिनार हा त्या काळीं दिवसाच्या मजुरीचा सामान्य दर. तो ठरवून त्यानें कांहीं माणसें मळ्यांत धाडलीं. पुढें नऊच्या सुमारास, मध्यान्हीं आणि तिसऱ्या प्रहरीं तो पुन्हां चौकांत गेला व आणखी माणसें त्यानें लावलीं; यांच्याशीं मात्र रक्कम ठरविली नाहीं, योग्य असेल तें देईन एवढेंच सांगितलें. दिवस मावळावयास तासभर उरला असतां तो पांचव्यांदां गेला. तेथें अजून कांहीं जण उभेच होते. दिवसभर रिकामे कां राहिलांत, असें त्यानें विचारलें. आम्हांला कोणीं कामावर घेतलेंच नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. त्यांनाही त्यानें मळ्यांत पाठविलें.

सूर्यास्तापूर्वीं मजुराचे पैसे चुकते करावे, असा मोशेच्या धर्मशास्त्राचा दंडक होता. त्याप्रमाणें कारभाऱ्यानें शेवटीं आलेल्यांपासून वाटप सुरू केलें आणि त्यांच्या हातावर पुरा एक दिनार ठेवला. तें पाहून पहाटेपासून राबलेल्यांच्या आशा वाढल्या. त्यांनाही एकच दिनार मिळाला, तेव्हां ते कुरकुरूं लागले. त्यांचें गाऱ्हाणें नीट ऐकण्यासारखें आहे. आम्हांला ठरल्यापेक्षां कमी मिळालें, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. एका तासाच्या मजुरांना आमच्या पंक्तीस बसविलें, हें त्यांचें दुःख होतें. धन्यानें उत्तर दिलें कीं, तुझ्याशीं केलेला करार मीं पाळला आहे. माझें जें आहे त्याचें मला वाटेल तें करण्यास मी मोकळा नाहीं काय? मी उदार आहें हें तुला सलतें काय?

बारा तासांच्या दिवसांत एका तासाच्या कामाचा हिशेब दिनाराचा बारावा हिस्सा होतो. तेवढ्यांत त्या माणसाच्या घरची चूल पेटली नसती. पोटाला लागणारी भाकरी मात्र पहाटे आलेल्यास आणि संध्याकाळीं आलेल्यास सारखीच लागते. या दृष्टीनें पाहिलें तर धन्यानें तासांची किंमत केली नाहीं, गरजेची केली. उलट बाजूनें पाहिलें तर हीच कथा खाजगी मालकीचें उघड समर्थन ठरते. माझें तें माझें, मी त्याचा धनी, हें वाक्य येथें पापी माणसाच्या तोंडीं घातलेलें नाहीं, प्रत्यक्ष देवाचें स्थान असलेल्या पात्राच्या तोंडीं घातलेलें आहे. समाजवादी आणि भांडवलवादी या दोघांनींही या एकाच मळ्यांतून आपापल्या टोपल्या भरून नेल्या आहेत, याचें कारण हें आहे.

परंतु ख्रिस्ती पंडितांनीं पहिलीं कित्येक शतकें या कथेंत अर्थशास्त्र पाहिलेंच नाहीं. त्यांचा प्रश्न होता, दिनार म्हणजे काय? दिनार म्हणजे स्वर्ग असेल आणि तो सर्वांना एकच मिळत असेल, तर स्वर्गांत लहानमोठें कोणी असणार कीं नाहीं? इ.स. ३९० च्या सुमारास रोम येथें जोव्हिनियन नांवाच्या एका मठवाशानें नाहीं असें उत्तर दिलें. बाप्तिस्मा निष्ठेनें पाळणाऱ्या सर्वांना एकच फळ मिळेल. कुमारिका, विधवा आणि सुवासिनी यांच्या पुण्यांत भेद नाहीं. उपासानें अधिक कांहीं पदरांत पडतें असें नाहीं. हें ऐकून मोठें वादळ उठलें. रोम व मिलान येथील धर्मसभांनीं त्याला दोषी ठरविलें आणि ३९३ सालीं संत जेरोमनें त्याच्या खंडनार्थ दोन भागांचा ग्रंथ लिहिला. जेरोमची विद्वत्ता अगाध होती. त्याची जीभही तितकीच तिखट होती. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सर्वांना सारखेंच मिळावयाचें असेल तर ब्रह्मचर्य, उपवास आणि देहदंड यांत आयुष्य घालविणाऱ्यांनीं काय मिळविलें? हा युक्तिवाद वाचतांना मला राहून राहून त्या पहाटेच्या मजुरांची आठवण होते. दिवसभर उन्हांत राबलेल्या माणसाची कुरकूर येथें शास्त्रार्थाचा वेष घेऊन आली आहे.

यांतून मधला मार्ग काढला तो संत ऑगस्टीननें. त्याच्या मतें दिनार म्हणजे अनंत जीवन, आणि तें सर्वांना समान; कोणाचें अनंत जीवन दुसऱ्याच्यापेक्षां लांब असूं शकत नाहीं. परंतु त्या जीवनांतील तेज मात्र ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें निराळें. मग खालच्या पायरीवरच्याला वरच्याचा हेवा वाटणार नाहीं काय? ऑगस्टीन सांगतो कीं, शरीरांत बोटाला आपण डोळा व्हावें असें कधीं वाटत नाहीं. पुढें १४३९ सालीं फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनें पुण्याप्रमाणें देवदर्शन कमीअधिक पूर्ण असतें, असा निर्वाळाच दिला. त्याच्याही आधीं महाकवि डांटे यानें आपल्या काव्यांत स्वर्गाच्या सर्वांत खालच्या, चंद्राच्या मंडळांत पिकार्दा नांवाची एक स्त्री दाखविली आहे. तुला अधिक वर जावेंसें वाटत नाहीं काय, असें कवि तिला विचारतो. ती हंसते. आपणांस आहे त्याहून निराळें कांहीं हवें असणें म्हणजे ईश्वराच्या इच्छेशीं विसंवाद, आणि विसंवादाला तेथें जागाच नाहीं, असें तिचें उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें होऊन गेलेल्या संत तेरेझा हिनें आपल्या आत्मचरित्रांत लहानपणची एक घरगुती आठवण दिली आहे. हाच प्रश्न तिनें थोरल्या बहिणीला विचारला असतां, बहिणीनें वडिलांचा मोठा पेला आणि या चिमुरडीचें शिवणाचें अंगुस्तान शेजारीं ठेवून दोन्ही पाण्यानें काठोकाठ भरलीं व विचारलें, सांग, यांतलें अधिक भरलेलें कोणतें?

दृष्टान्त गोड आहे. स्वर्गापुरता तो मला पटतोही. अडचण येते ती तो पृथ्वीवर उतरविला म्हणजे. अंगुस्तानभर गव्हानें कोणाचें पोट भरत नाहीं, आणि पेला हातीं असलेल्या माणसानें अंगुस्तानवाल्यास समाधानाचा उपदेश करणें यासारखें सोपें काम नाहीं. आणि तो उपदेश झाला. इंग्लंडांत १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या एका अत्यंत लोकप्रिय प्रार्थनागीतांत, वाड्यांतला श्रीमंत आणि दारांतला गरीब यांच्या पायऱ्या देवानेंच ठरवून दिल्या आहेत, अशा अर्थाचें एक कडवें होतें. १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’ या संग्रहांत संपादकांनीं तें गाळून टाकलें. त्याच १८४८ सालीं चार्ल्स किंग्स्ली या इंग्रज धर्मोपदेशकानेंच, ओझ्याच्या जनावरांना गप्प ठेवण्यासाठीं आम्हीं बायबलचा अफूसारखा उपयोग केला, अशी कबुली दिली. मार्क्सनें धर्माला अफू म्हटलें हें सर्वांना ठाऊक असतें; पण पाद्रीही तेंच बोलला होता, हें क्वचितच कोणी सांगतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील निग्रो गुलामांनींही स्वर्गाचीं गाणीं रचलीं, आणि त्यांतील एका गाण्यांत स्वर्गांत प्रत्येकाला पायांत जोडा मिळेल असें सांगितलें आहे. अनवाणी माणसाचा हा स्वर्ग आहे. स्वर्गाच्या गप्पा मारणारा प्रत्येक जण तेथें पोंचणार नाहीं, असा टोलाही त्याच गाण्यांत आहे. तो मालकाला होता, हें गाणाऱ्यांना समजत होतें. असा स्वर्ग अफूचें काम करतो असें मला म्हणवत नाहीं.

आतां ऐहिक व्यवस्थेकडे वळूं. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीचें वर्णन आहे. त्या लोकांनीं शेतें-घरें विकून पैसा एकत्र केला आणि ज्याला जशी गरज तसें वांटप केलें. पौलानेंही त्या मंडळीसाठीं वर्गणी मागतांना समतेचाच आधार घेतला. संत क्रिसोस्तम हा कॉन्स्टंटिनोपलचा धर्माध्यक्ष असतां, म्हणजे इ.स. ४०० च्या सुमारास, त्यानें प्रवचनांत या उताऱ्याचा चक्क जमाखर्च मांडला. शहरांत गरीब किती, तर पन्नास हजारांवर नसतील. सर्वांनीं आपापलें सोनें, घरें, जमिनी एकत्र केल्या तर त्यांचें पोट भरणें मुळींच कठीण नाहीं. कारण एकत्र जेवण्यास खर्च कमी आणि वेगळ्या चुलींस जास्त. आपल्याकडे एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या वडीलधाऱ्यांचें बोलणें याहून निराळें नसतें! हा मार्ग पुढें मठांनीं चालविला, आणि १५२८ सालीं मोराव्हियांत एका पंथाच्या लोकांनीं अंथरलेल्या झग्यावर आपलें सर्व धन ओतून तो पुन्हां सुरू केला. हटराइट म्हणून ओळखले जाणारे त्यांचे वंशज आजही अमेरिकेंत व कॅनडांत सामायिक मालकीच्या वसाहतींत राहतात.

बहुसंख्य ख्रिस्ती जगानें मात्र हा मार्ग धरला नाहीं. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं मजुरांच्या स्थितीवर जें प्रसिद्ध परिपत्रक काढलें, त्यांत खाजगी मालकी हा मनुष्याचा नैसर्गिक हक्क मानला असून समाजवादाचा निषेध केला आहे. परंतु त्याच पत्रांत असेंही सांगितलें आहे कीं, मजुरानें खुषीनें करार केलेला असला तरी, काटकसरीनें राहणाऱ्या मजुराचा निर्वाह होईल इतकी मजुरी दिलीच पाहिजे. हा न्याय कराराहून जुना आहे. दुसरीकडे सोव्हिएत रशियानें १९३६ च्या राज्यघटनेंत, काम न करील त्यानें खाऊं नये, हें संत पौलाच्या पत्रांतील वचन नांव न घेतां उचललें, आणि प्रत्येकाला त्याच्या कामाप्रमाणें मिळावें असा नियम घातला. म्हणजे पाहा, मालकी हक्काचे कैवारी पोप द्राक्षमळ्याच्या धन्याजवळ जातात, आणि १९९१ सालीं लयास गेलेलें तें मजुरांचें राज्य पहाटेच्या मजुरांची बाजू घेतें!

या कथेचा आपल्या देशाशीं जो संबंध आला तो एका इंग्रजाच्या द्वारें. जॉन रस्किन यानें १८६० सालीं ‘कॉर्नहिल मॅगझीन’मध्यें अर्थशास्त्रावर लेख लिहिण्यास सुरुवात केली. वाचक इतके खवळले कीं चार लेखांनंतर संपादक थॅकरे यांना ते थांबवावे लागले. १८६२ सालीं त्यांचें पुस्तक झालें. ‘अन्टू धिस लास्ट’ हें त्याचें नांव धन्याच्या उत्तरांतूनच घेतलेलें आहे. वैद्य, सैनिक, धर्मगुरु यांचें वेतन आपण ठराविक ठेवतों, जो सर्वांत कमी मागेल त्याला धर्माध्यक्षाची गादी देत नाहीं. मग मजुराच्याच बाबतींत लिलांव कां, असा त्याचा सवाल होता. मात्र रस्किन समतावादी नव्हता. मजुरीचा दर सर्वांना एक असावा, पण काम चांगल्या कारागिराला मिळावें आणि वाईटाला मिळूं नये, असें तो म्हणतो. येशूच्या कथेंतील संध्याकाळचा मजूर रस्किनच्या बाजारांत कदाचित् उभाच राहिला असता.

१९०४ सालीं हेन्री पोलाक यांनीं हें पुस्तक जोहान्सबर्गच्या स्टेशनवर गांधीजींच्या हातीं दिलें. डर्बनपर्यंतचा चोवीस तासांचा प्रवास. पुस्तक खालीं ठेववेना, त्या रात्रीं झोंप आली नाहीं, असें गांधीजींनींच लिहून ठेविलें आहे. वकील आणि न्हावी यांच्या कामाची किंमत एकच, हा अर्थ त्यांनीं त्यांतून काढला. रस्किनला तो कितपत मान्य झाला असता याविषयीं मला शंका आहे. परंतु मूळ कथेच्या तो अधिक जवळचा आहे. चार वर्षांनीं त्यांनीं पुस्तकाचें सार गुजराथींत दिलें आणि त्याला ‘सर्वोदय’ हें नांव ठेविलें. तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनीं १९५१ पासून गांवोगांव फिरून जमीन मागितली ती याच शब्दाचा झेंडा घेऊन.

अर्थशास्त्रज्ञ या कथेवर एक आक्षेप घेतात आणि तो टाळण्यासारखा नाहीं. दुसऱ्या दिवशीं काय झालें? संध्याकाळीं पांचला येऊनही पुरा दिनार मिळतो, हें कळल्यावर पहाटे चौकांत कोण येणार? शुभवर्तमानांत दुसऱ्या दिवसाची हकीकत नाहीं. गांधीजींना मात्र दुसरा दिवस टाळतां येण्यासारखा नव्हता. त्यांना छापखाना चालवावयाचा होता आणि ‘इंडियन ओपिनियन’ वेळेवर काढावयाचें होतें. डर्बनजवळ फीनिक्स येथें त्यांनीं एक हजार पौंडांस शंभर एकर जमीन घेतली, आणि तेथें राहणाऱ्या प्रत्येकानें, वर्ण वा देश न पाहतां, अंगमेहनत करावी व दरमहा तीन पौंड घ्यावे असें सुचविलें. छापखान्यांतील सर्वांना तें रुचलें नाहीं. तेव्हां ज्यांना ही योजना पसंत नसेल त्यांनीं पूर्वींप्रमाणें पगार घेत राहावें आणि जमेल तसें हळूहळू या पंक्तीस यावें, अशी तडजोड झाली. त्या आठवड्याचा अंक निघाला.