पावती सोडू नका



"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दिसली की आपण शिटीच न होणारा नवा कुकर मुकाट्याने माळ्यावर टाकतो. सदोष मालाला ती पाटी लागू नाही. पावतीवर मुदत नसेल तर ३० दिवसांत असा माल परत घेण्यास नकार देणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून जरीपटक्याच्या बाजारात चार पैसे सुटतात म्हणून पावती सोडू नये. दुकानदाराने ऐकले नाही तर १९१५ वर फोन करावा. पुढे २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पै पै साठवून घेतलेली वस्तू. तिच्यासाठी बोलण्यात लाज कसली?