जायबंदी खेळाडूचें पुनरागमन

सुगी आटोपत आली कीं सोलापूर जिल्ह्यांत जत्रांचा हंगाम सुरू होतो. मोहोळ हें या जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर व लोहमार्गावर तें वसलेलें आहे. या टापूंत जत्रा म्हटली कीं देवाची पालखी जितकी आवश्यक, तितकाच कुस्त्यांचा फडहि आवश्यक. तांबड्या मातींत तेल, ताक व हळद मिसळून आखाडा तयार होतो, हलग्या कडाडूं लागतात, लहान पोरांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांनीं आरंभ होतो आणि मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती दिवस मावळतां मावळतां लागते. या गर्दींत आखाड्याच्या कडेला एखादा तरुण हमखास बसलेला आढळतो. कान चुरगळलेले, मान भक्कम, परंतु गुडघ्याला पट्टा बांधलेला. गेल्या हंगामांत तो आखाड्याच्या आंत होता, यंदा बाहेर आहे. येणारा जाणारा त्याला विचारतो, "काय पैलवान, औंदा उतरला न्हाईस व्हय?" तो नुसता गुडघ्याकडे बोट दाखवितो.

त्या एका बोट दाखविण्यांत मोठी कथा सांठविलेली असते. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. आणि तो गुडघा मोडला म्हणून बंद करतां येत नाहीं. इनामें मात्र त्याच दिवशीं बंद होतात. घरांत दुभतें असलें तर ठीक, नसलें तर बापाला कर्ज काढावें लागतें. याहून कठीण गोष्ट अशी कीं, अशा तरुणाला आपल्याच शरीराचा भरंवसा वाटेनासा होतो. पराभव आणि दुखापत यांतील अंतर येथेंच आहे.

पराभवाची भरपाई किती लवकर होऊं शकते याचें उदाहरण मोहोळनेंच दिलें आहे. सिकंदर शेख हा मोहोळचा मल्ल. हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमींत तयार झालेला. १९२३ साली नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२३ च्या जानेवारींत पुण्यास महाराष्ट्र केसरीच्या मातीविभागांत तो याच जिल्ह्यांतील महेंद्र गायकवाड याच्याकडून हरला. पंचांनीं दिलेल्या गुणांवरून त्या वेळीं महाराष्ट्रभर चर्चा झाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पुण्याजवळील फुलगांव येथें तो पुन्हां उतरला आणि जानेवारींत केसरी ठरलेल्या शिवराज राक्षे यालाच त्यानें अर्ध्या मिनिटाच्या आंत चीत करून गदा पटकावली. दहा महिन्यांत हिशेब पुरा झाला. कारण हरला तो डाव होता, शरीर शाबूत होतें. शरीरच दगा देतें तेव्हां दहा महिन्यांचा हा हिशेब उपयोगी पडत नाहीं.

गुडघ्याच्या सांध्यांत मांडीचें हाड व नडगीचें हाड यांना जखडून ठेवणारे दोरासारखे बंध असतात. पाय जमिनींत रुतलेला आणि धड वळलेलें, अशा अवस्थेंत झटका बसला कीं त्यांपैकीं मधला बंध तुटतो. कुस्तींत तसें होतें आणि बर्फाच्या उतारावरून लांकडी पट्ट्यांवर घसरत जाणाऱ्या शर्यतींतहि तसेंच होतें. तुटलेला बंध आपोआप सहसा सांधत नाहीं. शस्त्रक्रियेनें नवा बंध बसविला तरी तो रुजावयास नऊ महिने ते वर्ष लागतें. त्या अवधींत मांडीचे स्नायू वाळतात, ते पुन्हां भरून काढावे लागतात. आणि सर्व भरून आल्यावरहि मनांत एक भीति उरतेच. पहिल्या झटापटीच्या वेळीं तो पाय पुढें टाकावा कीं नाहीं, हा विचार क्षणभर आडवा येतो. आणि प्रतिपक्षी नेमका तोच क्षण साधतो.

या गुडघ्यानें महाराष्ट्राचें केवढें नुकसान केलें आहे! कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचें ऑलिंपिक १९५६ सालीं मेलबर्नला व्हावयाचें होतें. खाशाबा तेव्हां पोलीस खात्यांत फौजदार झाले होते. त्यांची तयारी चालू असतांना गुडघा जायबंदी झाला आणि मेलबर्नची वाट बंद झाली. हेलसिंकीच्या त्या मल्लाला दुसऱ्या पदकाची संधि पुन्हां लाभली नाहीं.

परंतु दुखापतीनंतर परत येतां येतच नाहीं असें नाहीं. ऑस्ट्रियांतील फ्लाखाउ गांवचा हेर्मान मायर हा गवंडीकाम करणारा तरुण पुढें बर्फावरील शर्यतींचा जगज्जेता झाला. १९९८ च्या नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्यें उतारावरच्या शर्यतींत तो हवेंत उडून कुंपणापलीकडे आदळला, आणि तीनच दिवसांनीं उठून त्यानें दुसऱ्या शर्यतींत सुवर्णपदक जिंकलें. ऑगस्ट २००१ मध्यें मात्र मोटारसायकलला अपघात होऊन त्याचा उजवा पाय इतका चिरडला कीं तो कापावा लागतो कीं काय, असा डॉक्टरांपुढें प्रश्न पडला. पाय वांचला; हाडांत धातूची दांडी बसविण्यांत आली. एक संपूर्ण हंगाम आणि त्यांतच एक ऑलिंपिक वायां गेलें. २००३ च्या जानेवारींत तो पुन्हां उतारावर आला. पहिल्या शर्यतींत हातीं कांहीं लागलें नाहीं. परंतु पंधरवडा लोटण्यापूर्वींच किट्सबूल येथें त्यानें शर्यत जिंकली, आणि पुढच्या हंगामांत, म्हणजे २००४ सालीं, संबंध हिवाळ्याच्या गुणांची बेरीज करून दिला जाणारा विश्वचषकहि त्यानें परत मिळविला.

मायरला त्याचा पाय परत मिळाला. ज्याला तो कधींच परत मिळणार नाहीं, त्यानें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर एका महाराष्ट्रीय शिपायानें दिलें आहे.

श्री. मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजीं सांगली जिल्ह्यांतील पेठ-इस्लामपूर या भागांत झाला. लहानपणीं त्यांना कुस्तीचा नाद होता. पुढें ते लष्करांत शिरले. विद्युत् व यांत्रिक अभियंत्यांच्या दलांत ते शिपाई होते आणि लष्करांतील नामांकित मुष्टियोद्धे होते. १९६५ सालच्या भारत-पाकिस्तान युद्धांत शत्रूच्या हल्ल्यांत त्यांच्या शरीरांत अनेक गोळ्या शिरल्या. त्यांपैकीं एक गोळी पाठीच्या कण्यापाशीं रुतून बसली. दीर्घकाळ त्यांना शुद्ध नव्हती. शुद्ध आली तेव्हां कमरेखालचें शरीर निर्जीव झालेलें होतें. वय ऐन तारुण्याचें, आणि मुष्टियुद्धाचा तर सर्व आधार पायांवर! ठोसा हातानें मारावयाचा असला तरी त्याचें बळ टाचेंतून निघतें, हें जाणकारांना सांगावयास नको.

मुंबईच्या नौदल रुग्णालयांत उपचार चालू असतांना त्यांना व्यायाम म्हणून पोहण्याचा सल्ला देण्यांत आला. पाण्यांत शरीराचा भार हलका होतो, म्हणून ज्याला उभें राहतां येत नाहीं त्यालाहि तेथें हालचाल करतां येते. परंतु ज्याचे पाय हलत नाहींत त्याचे पाय खालीं ओढले जातात, आणि त्या ओढणाऱ्या वजनासकट पुढें जाण्याचें सारें काम खांदे व दंड यांना करावें लागतें. मुष्टियोद्ध्यानें कमावलेले खांदे आणि छातींतला दम यांचा येथें उपयोग झाला. जें गेलें त्याकडे पाठ फिरवून जें उरलें त्याची मोजदाद त्यांनीं केली, आणि तेवढ्याच भांडवलावर नवा व्यापार मांडला.

या नव्या व्यापाराला जगांत बाजारपेठहि तयार होत होती. दुसऱ्या महायुद्धांत कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीं डॉ. लुडविग गुटमान यांनीं इंग्लंडांत स्टोक मँडव्हिल येथें १९४४ सालीं उपचारकेंद्र उघडलें. अशा रुग्णांना पूर्वीं अंथरुणावर खिळवून ठेवीत, आणि शय्याव्रण व मूत्रमार्गाचे विकार यांनीं ते थोड्याच काळांत दगावत. गुटमान यांनीं त्यांना उठवून खेळावयास लावलें. २९ जुलै १९४८ या दिवशीं, लंडनमध्यें ऑलिंपिकचें उद्घाटन होत असतांनाच, त्यांनीं सोळा रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. ज्या ऑलिंपिकमध्यें खाशाबा सहावे आले, त्याच ऑलिंपिकच्या दिवशीं पेटकरांचा मार्ग आंखला जात होता! १९६० पासून या स्पर्धा दर चार वर्षांनीं जागतिक स्वरूपांत भरूं लागल्या, आणि त्यांनाच आतां पॅरालिंपिक म्हणतात.

१९६८ सालीं तेल अवीव येथें भारतानें या स्पर्धांत प्रथम भाग घेतला. त्या चमूंत पेटकर होते व टेबल टेनिस खेळले. पदक मिळालें नाहीं. परदेशीं जाण्याचा खर्च हाहि मोठा प्रश्न होता. क्रिकेटपटू विजय मर्चंट हे अपंगांसाठीं झटणाऱ्या कार्यांत होते, त्यांनीं साहाय्याचा हात पुढें केला. १९७० सालीं एडिंबरो येथें राष्ट्रकुलांतील अपंगांच्या स्पर्धा झाल्या. तेथें पेटकरांनीं पन्नास मीटर पोहण्यांत सुवर्ण, भालाफेकींत रौप्य आणि गोळाफेकींत कांस्य अशीं तीन पदकें मिळविलीं.

मग आलें १९७२ साल. मुख्य ऑलिंपिक म्यूनिकला होतें. अपंगांच्या स्पर्धा मात्र ऑगस्टमध्यें, जर्मनींतीलच हायडेलबर्ग या नगरांत झाल्या. पेटकरांनीं पन्नास मीटरची मुक्त शैलीची शर्यत ३७.३३ सेकंदांत पार केली. तो त्या गटांतला जागतिक विक्रम ठरला. भारताला पॅरालिंपिकमध्यें मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक. मुख्य ऑलिंपिकमध्यें एकट्या भारतीय खेळाडूला सुवर्णपदक मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या ३७ सेकंदांचें मोल कळतें.

त्याच हायडेलबर्गला पेटकर आणखी तीन स्पर्धांच्या अंतिम फेरींत पोंचले होते. दोन भालाफेकीच्या होत्या, आणि तिसरीचें नांव होतें स्लॅलम. हा शब्द मूळचा बर्फाच्या उतारांवरचा. उतारावर खुणेच्या काठ्या रोवून त्यांच्यामधून नागमोडी वळणें घेत खालीं यावयाचें, ती स्लॅलमची शर्यत. चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्या खेळाडूंनीं ती सपाट जमिनीवर आणली. मायरसारख्यांनीं आल्प्सच्या बर्फावर जीं वळणें घेतलीं, तशींच वळणें वाळव्याच्या मातींतल्या या शिपायानें दोन हातांनीं चाकें फिरवून घेतलीं. बर्फ नाहीं, उतार नाहीं, पायहि नाहींत. शर्यत मात्र खरी.

यापुढील कथा तितकी सुखाची नाहीं. पेटकरांनीं पुण्यास टेल्को कारखान्यांत नोकरी करून संसार चालविला. त्यांचें पदक लोक जवळजवळ विसरले. १९८२ सालीं त्यांनीं अर्जुन पुरस्कारासाठीं केलेली मागणी मान्य झाली नाहीं. पद्मश्री मिळाली ती २०१८ सालीं, म्हणजे हायडेलबर्गनंतर शेहेचाळीस वर्षांनीं. २०२४ सालीं त्यांच्या जीवनावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी बोलपट निघाला, तेव्हां त्यांचें नांव घरोघर पोंचलें. आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या हातीं पडला तो जानेवारी २०२५ मध्यें, वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतर. पन्नास मीटर अंतर त्यांनीं अडतीस सेकंदांच्या आंत तोडलें. देशाला मात्र त्यांच्यापर्यंत पोंचावयास अर्धशतक लागलें.

मोहोळच्या आखाड्याच्या कडेला बसलेल्या त्या तरुणाला या कथेंत काय घेण्यासारखें आहे? त्याचा गुडघा कदाचित् बरा होईल आणि दोन हंगामांनीं तो पुन्हां लांग चढवील. घाई करून अर्ध्या बऱ्या पायानें उतरूं नये, एवढें पथ्य मात्र त्यानें पाळावें. एका जत्रेच्या इनामासाठीं जन्माचा पाय गमावणें हा तोट्याचा सौदा आहे. कदाचित् गुडघा बरा होणारहि नाहीं. तेव्हां पेटकरांप्रमाणें शरीराची मोजदाद नव्यानें करावी लागेल. मान शाबूत आहे, दंड शाबूत आहेत, डावांचें ज्ञान शाबूत आहे; त्यांतून दुसरा खेळ निघेल, किंवा एक चांगला वस्ताद निघेल.

त्याचें काम तेवढेंच. उरलेलें काम गांवाचें आहे. जो मल्ल आखाड्यांत असतांना त्याच्यावर फेटे उडविले, तो कडेला बसला असतां त्याच्या शस्त्रक्रियेचा, खुराकाचा आणि पोटाच्या उद्योगाचा विचार कोणी करतो कीं नाहीं, यावरून त्या गांवाच्या कुस्तीप्रेमाची परीक्षा व्हावी. फड संपून हलग्या थांबतात, लोक घराकडे वळतात. त्या वेळीं त्या तरुणाला हात देऊन उठविणारा एखादा जरी मागें राहिला, तरी पुढच्या हंगामाचा आरंभ तेथूनच होतो.