समोरच्या ताटावरचा माणूस





आजचा विषय, विद्यार्थ्यांचा टाळेबंदीतला एकटेपणा, पुण्याने फार जवळून पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि पेठांतल्या कॉट बेसिसच्या खोल्या, खाणावळी, अभ्यासिका पाहता पाहता ओस पडल्या. मुले बीडला, नांदेडला, बुलढाण्याला परतली. काही इथेच अडकली. अंतिम वर्षाची परीक्षा होणार की नाही, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २८ ऑगस्टचा निकाल यावा लागला. तोवर पाच महिने मुले टांगणीला लागली होती, तीही आपापल्या खोलीत, एकेकटी.

एकटेपणाचे दुःख आपण सारे जाणतो. मला काळजी वाटते ती त्यातून मनाला लागणाऱ्या कडीची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आरी क्रुग्लान्स्की यांनी मांडले आहे, की अनिश्चितता सोसवेनाशी झाली की मन हाती लागेल ते पहिले उत्तर धरते आणि मग सोडत नाही. टाळेबंदीत ते उत्तर मोबाइलवर यायचे: साथ कोणामुळे पसरली, दोष कोणाचा. एरवी खाणावळीत समोरच्या ताटावर वेगळ्या जिल्ह्याचा, वेगळ्या जातीचा, वेगळ्या मताचा मुलगा असायचा. "हे तुला कुणी सांगितलं रे?" एवढे तो विचारायचा. तो विचारणाराच उठून गेला. ऑनलाइन तासाला कॅमेरे बंद, माइक बंद. मत कुणी मांडत नव्हते, म्हणून ते खोडलेही जात नव्हते.

महाविद्यालये उघडली, तरी ही कडी आपोआप निघत नाही. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर हवाच. त्याबरोबर वादसभा, वाचनकट्टा आणि एकत्र पंगत यांनाही वेळापत्रकात हक्काची जागा द्या.

सुरुवात या परिषदेतच करू. आज दुपारी ओळखीच्यांत बसू नका. अनोळखी माणसासमोर ताट घ्या, आणि जिथे त्याचे तुमच्याशी पटत नाही तिथून बोलायला लागा. आमच्या स्वागत समितीच्या व्यवस्थेत काही उणे राहिले तर पोटात घाला. त्या माणसाचे म्हणणे मात्र पूर्ण ऐकून घ्या.