मनाचे दुखणे

मंडळी, आज आपण अंगाच्या नव्हे, मनाच्या दुखण्याविषयी बोलू.

ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो. हाड मोडले तर प्लास्टर घालतो. त्यात कोणी लाज धरत नाही. पण माणसाला झोप येईना, अन्न गोड लागेना, कशात जीव रमेना, तर आपण म्हणतो, "नाटकं करतोय." नाहीतर म्हणतो, "बाहेरचं झालंय." आणि फारच झाले तर हसतो, "याला ठाण्याला धाडा!"

ठाण्याचे सरकारी मनोरुग्णालय शंभराहून अधिक वर्षांचे आहे. पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथेही तशी रुग्णालये आहेत. पण भिवंडीला ठाणे जवळचे, म्हणून आपण त्या गावाचे नाव शिवीसारखे वापरतो. मग ज्याला गरज आहे तो तिथे जाईल कसा? खरे तर तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परतणारी माणसे तिथे पुष्कळ असतात.

आमच्या हातूनही चूक झाली आहे. आमच्या वर्गात एक मुलगा होता. बाप यंत्रमागावर कामाला. मुलगा हुशार. दहावीच्या वर्षी तो एकदम गप्प झाला. वही कोरी, नजर खाली. आम्ही त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हटले, बाकावर उभे केले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईना. घरी गेलो तेव्हा कळले, पोर रात्र रात्र जागे असते. आईबापांनी भगताला दोन कोंबड्या देऊन पाहिल्या होत्या. शेवटी एका शेजारणीने त्याला ठाण्याला नेले. औषध सहा महिने चालले. पुढच्या साली तो परीक्षेला बसला आणि पासही झाला. पण आमचे ते शब्द आम्हाला अजून टोचतात. शेजारणीला जे समजले, ते आम्हा मास्तरांना समजले नाही!

हे दुखणे वय पाहून येत नाही. एखादी बाळंतीण सारखी रडते, तिला बाळ नकोसे वाटते. ती वाईट आई नव्हे, ती आजारी आहे. म्हातारे माणूस जेवून उठते आणि पुन्हा ताट मागते. त्याच्यावर ओरडू नका, डॉक्टरला दाखवा. आपल्या गावातला कारीगर पाहा. बारा-बारा तासांची पाळी, मागांचा खडखडाट, आणि बायकापोरे दूर उत्तर प्रदेशात नाहीतर तेलंगणात. बोलायला कोण? मग तो दारू जवळ करतो. दारूने झोप लागते खरी, पण ती मोडकी झोप. उद्या मन आणखी खचते.

भीतीनेही मन दुखावते. १९८४ च्या दंगलीनंतर भिवंडीत रस्त्यावर भांडे पडले तरी लोक दचकत. १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू, मुसलमान एका सतरंजीवर बसून बोलू लागले. १९९२-९३ साली मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. समिती म्हणजे काही औषध नव्हे. पण शेजाऱ्याचे तोंड ओळखीचे झाले की रात्री डोळा लागतो, हे आम्ही पाहिले आहे.

कोणी फार निराश दिसला, तर त्याला एकट्याला सोडू नका. "मरणाचे विचार येतात का?" असे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. जीव देऊ पाहणाऱ्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यावे, असे २०१७ चा कायदा सांगतो. तेव्हा पोलिसाच्या भीतीने गोष्ट दडवू नका.

आता फोनवरही मदत मिळते. १४४१६ हा सरकारी नंबर आहे. रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. मागच्या महिन्यात आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका बाईंनी तो आमच्यासमोर लावला. आकडे त्यांनी स्वतः वाचले, स्वतः दाबले. "मराठीत बोलू ना?" एवढे त्यांनी विचारले, आणि मग रडू लागल्या. आम्ही उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, सोमवारी ठाण्याची गाडी किती वाजता?"