रुपयाच्या पोटातली चांदी



साताऱ्याच्या शाळेत असताना माझ्या खिशात नाणी नसत. आता सांगलीच्या घरी कपाटभर आहेत, पण एकही बाजारात चालत नाही! छंद जुन्या चांदीच्या नाण्यांचा. त्यात एक स्पेनचा रियाल आहे, आठ रियालचा, मेक्सिकोत पाडलेला. दोन खांब, मध्ये मुकुट घातलेले दोन गोल, खाली समुद्राच्या लाटा. कुणा सराफाने पारखताना मारलेला बारीक ठसाही आहे. एक कारागीर म्हणाला, घासून चकचकीत करून देतो. मी नको म्हटलं. तो ठसा म्हणजे त्याची कुंडली.

आपल्याकडे चांदी निघायची ती नावापुरती. १५४५ साली आजच्या बोलिव्हियात पोतोसीच्या डोंगरात ती सापडली, पुढे मेक्सिकोतही. युरोपचे व्यापारी ते रियाल घेऊन सुरतेला यायचे आणि कापड, नीळ न्यायचे. मोगल टांकसाळीत रियाल वितळवून रुपये पाडत. रियाल सुमारे २७ ग्रॅमचा, रुपया साडेअकराचा. म्हणजे एकाचे दोन रुपये, वर थोडी चांदी. म्हणून इथे रियाल क्वचितच दिसतो.

आता रुपयांचीही तीच गत. परवा सराफकट्ट्यावर एका आजींनी नातीच्या पैंजणांसाठी जुने रुपये मोडीत घातले. चार मी चांदीच्या भावाने सोडवले, बाकीचे मुशीत गेले.

तुमच्या घरी असे रुपये असतील तर मोडण्याआधी मला एक फोन करा. विकत मागणार नाही. फोटो काढीन, वजन लिहून घेईन आणि चहा पिऊन जाईन.